साथीतला निर्बंध आदेश वैध आहे का, कसं तपासायचं?

खडूफळा: साथरोग कायदा १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, दोन्हींखाली निर्बंध निघतात. जिल्हाधिकारी, आयुक्त, मुख्य सचिव, कुणीही सही ठोकली की आदेश चालतो का? आणि साथ म्हटलं की कोर्ट हात घालत नाही म्हणतात, ते खरं का?

कलमबहाद्दर: घालतं की. हेतू नंतर बघा, आधी आदेशाची पहिली ओळ वाचा: कुठल्या कलमाखाली काढलाय? १८९७ च्या कायद्याचं कलम २ अधिकार देतं ते राज्य सरकारला, आणि तेही नेहमीचे कायदे अपुरे पडतात असं वाटलं तर, जाहीर सूचनेनं तात्पुरते नियम करायला. ‘तात्पुरते’ म्हणजे किती दिवस, हे मात्र कायद्यात कुठेच नाही. वर कलम ४ नुसार सद्हेतूनं काम करणाऱ्यावर दावाही लावता येत नाही. प्लेगच्या धांदलीत केलेला कायदा, दुसरं काय होणार! २००५ च्या कायद्यात जिल्हा प्राधिकरणाला कलम ३४ खाली लोकांची ये-जा रोखण्याचा थेट अधिकार आहे.

सहीचं म्हणाल तर मुंबई लोकल आठवा. कोविड लशीचे दोन डोस घेतलेल्यांनाच प्रवास, हे २०२१ चे आदेश फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयात अडकले ते लशीमुळे नव्हे. २००५ च्या कायद्याखालच्या राज्य कार्यकारी समितीनं ठरवायची गोष्ट मुख्य सचिवांनी नियमांतली पद्धत न पाळता एकट्यानं ठरवली होती. सरकारला ते आदेश मागे घ्यावे लागले.

तिसरी_घंटा: सही बरोबर असली तरी प्रमाणाचा प्रश्न उरतोच, म्हणजे निर्बंध गरजेपेक्षा जाचक तर नाही ना. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की लस कुणावर लादता येणार नाही. सार्वजनिक हितासाठी निर्बंध घालता येतात, पण लस न घेतलेल्यांकडून संसर्ग जास्त पसरतो असा पुरावा सरकारांनी मांडला नव्हता, म्हणून ते निर्बंध प्रमाणाबाहेरचे ठरले. रुग्णाच्या दारावर पोस्टर लावण्याबद्दलही डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, सक्षम प्राधिकाऱ्याचा आपत्ती कायद्याखाली खास आदेश असल्याशिवाय लावू नका.

कलमबहाद्दर: जमावबंदीचं गणित वेगळं. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३: दंडाधिकाऱ्याचा आदेश जास्तीत जास्त दोन महिने, राज्य सरकारनं वाढवला तर आणखी सहा. तोच आदेश तारीख बदलून पुन्हा पुन्हा काढणं गैर, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या अनुराधा भसीन निकालात आहे.

खडूफळा: आणि गुन्हा दाखल झाला तर?

तिसरी_घंटा: आदेश मोडल्याचा गुन्हा म्हणजे भारतीय दंड संहितेचं जुनं १८८, आता भारतीय न्याय संहितेचं २२३. त्यात कोर्ट दखल घेतं ती संबंधित लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवरच (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं २१५). नुसतं पोलिसांचं दोषारोपपत्र आलं असेल, तर वकिलानं पहिल्याच तारखेला हा मुद्दा काढावा.

आदेश खरंच समितीनं ठरवला का हे बघायला कार्यकारी समितीच्या बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागता येतं. व्यक्तीच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जात तसं ठळक लिहा आणि तुमची ये-जा नेमकी कशी अडली तेही एका ओळीत सांगा, नाहीतर तो ३० दिवसांच्या ढिगात जातो.