आरएसओ मंजुरी, सीएमपीआयचं नूतनीकरण आणि सीपीडीचे (सतत व्यावसायिक शिक्षणाचे) गुण: नागपुरात बसून कसं जमवायचं?

लिनॅक_नागपूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. रेडिओथेरपी विभागात दोन लिनॅक (बाहेरून किरण देणारी मशीनं) आणि एक इरिडियमचं एचडीआर युनिट (ब्रॅकी, म्हणजे शरीराच्या आतून किरण देण्यासाठी) आहे, फिजिसिस्ट दोनच. त्यामुळे एक जण बाहेरच्या कार्यशाळेला गेला की दुसऱ्याला प्लॅनिंग, क्यूए (गुणवत्ता तपासणी) आणि ब्रॅकी सगळं एकट्याने ओढावं लागतं. आरएसओ (विकिरण सुरक्षा अधिकारी) मंजुरीची मुदत जवळ आली आहे, सीएमपीआयच्या (कॉलेज ऑफ मेडिकल फिजिक्स ऑफ इंडिया) प्रमाणपत्राचं नूतनीकरणही त्याच सुमारास. विचारायचं ते असं:

एक, या दोन्हींसाठी एकच फाइल चालते की वेगवेगळी तयारी लागते?

दोन, इथे शहरात ऑन्कॉलॉजीचे सीएमई (डॉक्टरांच्या सतत शिक्षणाचे कार्यक्रम) बरेच होतात आणि प्रमाणपत्रावर एमएमसीचे (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) गुण छापलेले असतात. ते आपल्या खात्यात धरायचे का?

तीन, वेळ थोडा आहे. गुण मिळतील आणि मशीनपाशी उपयोगही होईल असं नेमकं काय शिकावं?

जुना_बॅज

लिनॅकभाऊ, आधी दोन्ही गोष्टी वेगळ्या करा. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आरएसओ मंजुरी ही कायद्याची बाब आहे. अणुऊर्जा (विकिरण संरक्षण) नियम २००४ खाली एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) ती देतं. तुमच्या एकट्याच्या अर्जाने ती मिळत नाही. संस्थेने ई-लोरावर (एईआरबीच्या ऑनलाइन पोर्टलवर) तुमचं नामनिर्देशन करावं लागतं आणि मंजुरी त्या संस्थेपुरतीच असते. रुग्णालय बदललं की जुनी मंजुरी खिशात घालून नवीकडे नेता येत नाही. नोकरी सोडताना जुन्या संस्थेने ई-लोरावरून तुमचं नाव मोकळं केलं आहे ना, हे कार्यमुक्ती पत्र घेण्याआधीच पाहून घ्या. ते राहिलं की नवी संस्था नामनिर्देशन करायला बसते आणि गाडी अडते. टीएलडीचा (अंगावरची विकिरण मात्रा मोजणाऱ्या बॅजचा) वैयक्तिक क्रमांकही सोबत न्या. नवीन क्रमांक घेतला तर आधीच्या मात्रेचा इतिहास तुटतो, आणि एईआरबीची मर्यादा सलग ५ वर्षांच्या सरासरीवर आहे: वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. अर्धाच इतिहास हातात असेल तर सरासरी काढणार कशाची?

मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी ई-लोरातलं स्वतःचं प्रोफाइल उघडून बघा. ईमेल आणि मोबाइल चालू आहे का, पदनाम बरोबर आहे का, नाव पदवीवर आहे तसंच आहे का. लग्नानंतर नाव बदललेल्या मॅडम लोकांना हे फार नडतं: पदवीवर एक नाव, आधारवर दुसरं, सीपीडी प्रमाणपत्रांवर तिसरं. राजपत्राची प्रत एकदाच स्कॅन करून पहिल्या पानाला लावून ठेवा. वार्षिक सुरक्षा स्थिती अहवाल थकलेला असेल तर तो आधी भरा. आरएसओ बदलतोय किंवा मुदत संपतेय अशा वेळी संस्थेची थकबाकीच आधी नजरेत येते.

सीएमपीआय, म्हणजे एएमपीआयच्या (भारतातल्या मेडिकल फिजिसिस्टच्या संघटनेच्या) छत्राखालचं कॉलेज, ही व्यावसायिक पात्रतेची बाब. तिथे तुम्ही व्यक्ती म्हणून उभे असता, संस्था नाही. मुदत आणि गुणांचा हिशेब कॉलेजच्या चालू नियमावलीतून घ्या, सहकाऱ्याने तीन वर्षांपूर्वी सांगितलेल्या आकड्यावरून नको.

तिसरी गोष्ट आत्ताच मनात ठेवा. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात मेडिकल फिजिसिस्ट आहे. नोंदणीसाठी पदवी, रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा असेल तर तो, आणि १२ महिन्यांच्या इंटर्नशिपचं पत्र एकाच जागी असू द्या. इंटर्नशिपच्या पत्रावर 'पासून-पर्यंत' तारखा नसतात हा नेहमीचा दोष. ते पत्र देणारे विभागप्रमुख निवृत्त व्हायच्या आत दुरुस्त करून घ्या.

एमएमसीच्या गुणांचं उत्तर सरळ आहे. ते महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेल्या डॉक्टरांसाठी असतात, ५ वर्षांत ३० गुणांचा त्यांचा हिशेब. प्रमाणपत्रावर '२ गुण' छापलेत म्हणून ते फिजिसिस्टच्या खात्यात आपोआप पडत नाहीत. पण असा सीएमई फुकट जातो असंही नाही. कार्यक्रमाची छापील पत्रिका, तुम्ही ऐकलेल्या सत्रांची नावं आणि प्रत्यक्ष तास जपून ठेवा आणि कॉलेज काय मान्य करतं ते आधीच लेखी विचारा. आयोजकांनाही महिनाभर आधी सांगून बघा की फिजिसिस्टही येणार आहेत, कॉलेजकडेही मान्यतेचा अर्ज टाका. कार्यक्रम झाल्यावर मागणं म्हणजे वरात गेल्यावर बँड बोलावणं.

कागदवाला

जुन्या_बॅजच्या म्हणण्यात फाइलची भर घालतो.

एकच एक्सेल ठेवा, स्तंभ सातच: तारीख, विषय, आयोजक, तास, प्रकार, प्रमाणपत्र क्रमांक आणि 'विभागात काय बदललं'. शेवटचा स्तंभ भरायला लोक कंटाळतात, आणि मुलाखतीत किंवा तपासणीत नेमका तोच कामी येतो. फाइलचं नाव तारखेने सुरू करा, २०२५-०२-१४ असं, म्हणजे क्रम आपोआप लागतो. व्हॉट्सॲपवर आलेला प्रमाणपत्राचा फोटो म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. मूळ पीडीएफ त्याच संध्याकाळी उतरवून घ्या. आयोजकांची लिंक महिन्याभरात मरते.

वेबिनारमध्ये तीन ठिकाणी घसरतं. नुसतं ऐकून भागत नाही, शेवटची प्रश्नमंजुषा किंवा अभिप्राय दिल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी प्रमाणपत्र येत नाही. प्रमाणपत्रावर तास छापलेले नसतात, तेव्हा पत्रिका सोबत जोडावी लागते. आणि वेळ: ग्रिनिचची दुपारी १२ म्हणजे आपले संध्याकाळचे ५:३०, नेमकी शेवटच्या रुग्णांची वेळ. ओपीडीत मोबाइल खिशात ठेवून 'हजेरी' लावलेल्या वेबिनारचा तास मी तरी नोंदवू देणार नाही.

फुकट आणि चांगलं हवं असेल तर आयएईएचं (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं) ह्युमन हेल्थ कॅम्पस आणि त्यांचे ई-लर्निंग अभ्यासक्रम, आयओएमपी आणि आफोम्प या मेडिकल फिजिक्सच्या जागतिक आणि आशिया-ओशनिया संघटनांचे वेबिनार. आयएईएची सॅफ्रॉन ही रेडिओथेरपीतल्या चुकांची नोंदप्रणाली तर दर महिन्याला अर्धा तास वाचावी अशी आहे. दोघांच्या विभागात सुट्टी आलटून-पालटून घ्या, आणि ॲम्पिकॉनला (एएमपीआयच्या वार्षिक परिषदेला) यंदा एक, पुढच्या वर्षी दुसरा, हे वर्षाच्या सुरुवातीलाच प्रशासनाकडून लेखी घेऊन ठेवा.

बॅरोमीटर

तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो, कारण खरं शिक्षण तिथे आहे.

यंदा एकच विषय घ्यायचा तर टीआरएस-३९८ ची (आयएईएच्या मात्रामापन नियमावलीची) २०२४ ची सुधारित आवृत्ती घ्या. मूळ २००० ची. नवीनमध्ये केक्यूचे (बीमच्या ऊर्जेनुसार चेंबरला लागणाऱ्या दुरुस्तीचे) आकडे आयसीआरयू-९० या आंतरराष्ट्रीय अहवालातल्या मूळ राशींवर बेतले आहेत: पाण्याचं सरासरी उत्तेजन ऊर्जामूल्य ७८ इलेक्ट्रॉनव्होल्ट, ग्रॅफाइटचं ८१. फोटॉन बीमसाठी बहुतेक फार्मर चेंबरमध्ये (नळीच्या आकाराच्या मात्रामापकात) जुना आणि नवा फरक एक टक्क्याच्या आतच राहतो, पण 'आतच आहे' म्हणून न मोजता सोडायचं नाही. पद्धत अशी: प्रत्येक ऊर्जेचा टीपीआर २०,१० (बीमच्या भेदकतेचा निर्देशांक) पुन्हा मोजा, चेंबरच्या नेमक्या मॉडेलचा जुना आणि नवा केक्यू शेजारी लिहा, गुणोत्तर काढा, दुसऱ्या फिजिसिस्टकडून स्वतंत्र तपासून घ्या, आणि दोन्ही लिनॅकवर बदल एकाच दिवशी करा. एक मशीन जुन्यावर, दुसरं नव्यावर, आणि मध्येच रुग्ण एकीकडून दुसरीकडे हलवला, असं व्हायला नको. कॅलिब्रेशन प्रमाणपत्रातला एनडीडब्ल्यू (चेंबरचा कॅलिब्रेशन गुणांक) तोच राहतो, त्याला हात लावू नका. एफएफएफ (सपाट करणारा फिल्टर नसलेला) बीम असेल तर फार्मरच्या साधारण २३ मिलिमीटर लांबीमुळे होणाऱ्या सरासरीची दुरुस्ती वेगळी लावा, आणि दोन व्होल्टेजांनी चेंबरमधल्या आयनांचा पुनर्संयोग नव्याने मोजा. प्रति पल्स मात्रा जास्त असते, सपाट बीमचा आकडा उचलून चालत नाही.

आता नागपूरचं खास. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर. हवामानाच्या ॲपवर दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो, आणि तो बघून केटीपी (चेंबरच्या रीडिंगला लागणारी दाब-तापमानाची दुरुस्ती) काढण्याची चूक अगदी साधी वाटते. मे महिन्याचं उदाहरण घ्या: ॲपवर १००.३ किलोपास्कल, बंकरमध्ये (लिनॅकच्या खोलीत) खरा दाब सुमारे ९६.९. पाणी २४ अंशांवर.

खरा केटीपी: (२७३.२ + २४) ÷ २९३.२ गुणिले १०१.३२५ ÷ ९६.९ = १.०६०

ॲपवरून: तोच तापमानाचा भाग गुणिले १०१.३२५ ÷ १००.३ = १.०२४

फरक साडेतीन टक्के. दिशा लक्षात घ्या. केटीपी कमी धरला की मात्रा कमी मोजल्यासारखी दिसते, मग आपण आउटपुट वाढवतो आणि रुग्णाला साडेतीन टक्के जास्त जातं. पोस्टाने होणाऱ्या मात्रा लेखापरीक्षणात मान्यतेची सीमा ५ टक्के असते, म्हणजे ही चूक तिथून सहज पास होते. निकालपत्रात 'समाधानकारक' आलं म्हणून निश्चिंत राहू नका, नेमका विचलनाचा आकडा वाचा. दोन फेऱ्यांमध्ये चिन्ह एकच येत असेल तर शोध घ्या.

तापमानाचंही तसंच. एक अंशाची चूक म्हणजे सुमारे ०.३४ टक्के. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी ४० अंशांकडे झुकतं, तेव्हा वॉटर फँटम (मोजमापाची पाण्याची टाकी) आदल्या संध्याकाळीच भरून ठेवा. उलट एसीच्या कोरड्या हवेत उघडं पाणी बाष्पीभवनाने खोलीपेक्षा थंड होतं. म्हणून थर्मामीटर पाण्यात, चेंबरच्या खोलीला. भिंतीवरचा नको. पावसाळ्यात दमट कनेक्टरमुळे गळती वाढते, रीडिंगच्या ०.१ टक्क्याच्या वर गेली तर आधी कनेक्टर सुकवा, मग मोजा. हवेच्या आर्द्रतेसाठी मात्र २० ते ८० टक्क्यांत वेगळी दुरुस्ती लागत नाही, कॅलिब्रेशन ५० टक्क्यांचं असेल तर.

यातून विभागाचं छोटं लेखापरीक्षण उभं राहतं: मागच्या १२ महिन्यांचे आउटपुट, त्या दिवशीचे दाब-तापमान, केटीपी आणि बॅरोमीटरचा शेवटचा पडताळा, एका तक्त्यात. आठ-दहा तासांचं काम आहे. कॉलेज त्याला गुण देईल की नाही ते विचारून घ्या, पण न दिले तरी हे काम टाळण्यासारखं नाही.

लिनॅक_नागपूर

बॅरोमीटर सर, हे फार नेमकं सांगितलंत. आमच्याकडे ॲनेरॉइड (काट्याचा बॅरोमीटर) आहे, कधी पडताळला ते पाटीवर लिहिलेलं नाही. विमानतळाच्या आकड्याशी जुळवला तर चालेल का?

बॅरोमीटर

चालेल, पण कुठला आकडा ते पाहा. वैमानिकांना दिला जाणारा क्यूएनएच समुद्रसपाटीचा असतो, तो इथे कामाचा नाही. स्थानकाच्या पातळीवरचा दाब हवा. सोनेगावला हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथला स्थानक-दाब त्याच वेळेचा घ्या. तुमचा बंकर आणि तिथली उंची यांत १० मीटरचा फरक म्हणजे सुमारे १.१ हेक्टोपास्कल, मात्रेत ०.१ टक्का. तेवढी दुरुस्ती केली की पुरे. ॲनेरॉइडला हलकेच टिचकी मारून मगच वाचा, काटा अडकतो. वर्षातून दोनदा जुळवा, मेच्या उन्हाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीत. दोन टोकांच्या दाबांत चूक सारखीच आली तर शून्य सरकलं आहे, वेगवेगळी आली तर यंत्र बदला.

सोर्स_बदल

याला ब्रॅकीचा जोड द्या, म्हणजे पडताळा घरच्या घरीच होतो. इरिडियम-१९२ चं अर्धायुष्य ७३.८ दिवस, ९० दिवसांनी सुमारे ४३ टक्के उरतं, त्यामुळे सोर्स तीन-चार महिन्यांनी बदलतोच. प्रत्येक नव्या सोर्सला वेल चेंबरमध्ये (सोर्स आत उतरवून मोजायच्या विहिरीसारख्या मापकात) सर्वाधिक रीडिंगची जागा टप्प्याटप्प्याने शोधून एअर कर्मा स्ट्रेंग्थ (सोर्सची ताकद) मोजा आणि कंपनीच्या प्रमाणपत्राशी ताडून बघा. उघड्या वेल चेंबरलाही केटीपी लागतो, म्हणजे दाबाचा तोच सापळा. तुमचं मोजमाप सलग दोन-तीन सोर्सना प्रमाणपत्रापेक्षा तीन-साडेतीन टक्के कमीच येत असेल, तर सोर्सला दोष देण्याआधी बॅरोमीटर बघा. तीन टक्क्यांच्या वर फरक गेला की चौकशी झाल्याशिवाय रुग्ण घेऊ नका.

आणि ट्रीटमेंट कन्सोलवरची तारीख-वेळ व प्लॅनिंग सिस्टिमची तारीख-वेळ त्याच दिवशी जुळवा. इरिडियम दिवसाला जवळपास एक टक्का घटतं, एका दिवसाची गफलत तेवढीच महागात पडते. या विषयावर आयएईएची टीआरएस-४९२ वाचायला घ्या.

लिनॅक_नागपूर

ठीक. या आठवड्यात ई-लोराचं प्रोफाइल आणि बॅरोमीटर, पुढच्या महिन्यात केक्यूचा तक्ता. सोनेगावचा आकडा आणि आमचा ॲनेरॉइड दोन्ही इथेच टाकतो, बघा मग.