प्रावरण अभिसरण: टाइमस्टेप निम्मा करूनही तापमान शून्याखाली का जातं?

धुळेकर_बेसाल्ट: राम राम मंडळी. लळिंगच्या काळ्या दगडाखालचा प्लूम (खालून चढणारा गरम खडकाचा स्तंभ) पुढे कधीतरी. सध्या प्रावरणाचं (पृथ्वीच्या कवचाखालच्या खडकाचं) संथ वाहणं संगणकावर मांडतोय: साधी चौकोनी पेटी, श्यानता (घट्टपणा) स्थिर, रॅले अंक (अभिसरणाचा जोर) १० लाख, ग्रिड ६४×६४, चारही बाजू फ्री-स्लिप (कडेला घर्षण नाही). पेटी सुरुवातीला थंड, म्हणजे तापमान ०, तळाला १. चढत्या प्लूमच्या डोक्यापुढे −०.०६ दिसतंय. पुढे स्थिरावल्यावर नुसेल्ट अंकही (एकूण उष्णता नुसत्या वहनाच्या किती पट वर जाते) १९ च्या वर जात नाही. टाइमस्टेप दोनदा निम्मा केला, ढिम्म फरक नाही.

तापीकाठ: टाइमस्टेपचा दोषच नाही भो. सेलचा पेक्ले काढ: वेग × सेलची रुंदी ÷ ऊष्मा विसरणांक. १९८९ च्या ब्लँकेनबाख बेंचमार्कमध्ये (अशी मॉडेलं पडताळायची प्रमाण उत्तरं) या केसचा आरएमएस वेग ८३४ आहे. सेल १/६४, म्हणजे पेक्ले १३! साध्या गॅलर्किनमध्ये (नेहमीच्या फायनाइट एलिमेंट पद्धतीत) २ ओलांडले की उत्तरात खोट्या लाटा सुटतात. नुसत्या ग्रिडवर भागवायचं तर एका बाजूला चारशेवर सेल लागतील. त्यापेक्षा एसयूपीजी (फक्त प्रवाहाच्या दिशेनेच थोडं विसरण घालणारी पद्धत) लाव. पहिल्या दर्जाचं अपविंडिंग (प्रवाह येतो त्या बाजूचंच मूल्य घेणं) नको, लाटा जातील पण प्लूमही फिसकटेल. आणि उणे तापमान कापून ० करायचा मोह टाळ, तेवढी उष्णता फुकटात वाढते.

जळगाव_ग्रिडवाला: नुसेल्टचं दुखणं वेगळं. बेंचमार्कचं उत्तर २१.९७. सीमाथराची (वर-खालच्या कडेला तापमान झपाट्याने बदलतं त्या थराची) जाडी साधारण १ ÷ (२ × नुसेल्ट), म्हणजे ०.०२३; तुझ्या ग्रिडवर जेमतेम दीड सेल. दीड सेलमध्ये उतार काय मोजणार? वर-खाली सेल दाटून थरात निदान ५-६ बसव. स्थिरावल्यावर वरचा आणि खालचा नुसेल्ट जुळतो का तेही बघ.

धुळेकर_बेसाल्ट: करतो. फ्री-स्लिप काढून वरचा पृष्ठभाग मोकळा सोडला तर मात्र तो दर स्टेपला वर-खाली उसळतो. तेही हेच?

तापीकाठ: नाही, तो ‘दारुडा खलाशी’ नावाचा वेगळा दोष. पृष्ठभाग सपाट व्हायला लागणारा वेळ = ४ पाय × श्यानता ÷ (घनता × गुरुत्व × तरंगलांबी). श्यानता १० चा २१ वा घात पास्कल-सेकंद, घनता ३३००, तरंगलांबी ३००० किमी धरली तर सुमारे ४ हजार वर्षं. तुझा सेल ४५ किमीचा. ५ सेंमी/वर्ष वेगाला कूराँ निकष (एका स्टेपमध्ये एका सेलपेक्षा जास्त सरकायचं नाही) ९ लाख वर्षांची स्टेप देतो. दोनशेपट जास्त! पृष्ठभाग दर वेळी समतोल ओलांडून पलीकडे जातो. स्टेप हजार-दोन हजार वर्षांवर आण, नाहीतर स्टेपअखेरीस पृष्ठभाग जिथे पोचेल तिथलं वजन आधीच स्टोक्स समीकरणात (ज्यातून प्रवाहाचा वेग निघतो) घाल.