फॅक्टोरिओ : टाकीवरचा दिवा पिवळा होतच नाही (मदत हवी आहे)

धूरचिमणी

मंडळी, फॅक्टोरिओ २.० (कारखाने उभारायचा कॉम्प्युटर गेम) खेळतोय, मॉड एकही नाही. अ‍ॅडव्हान्स्ड ऑइल प्रोसेसिंग (कच्च्या तेलातून तीन पदार्थ काढायची पद्धत) लावल्यापासून एकच कटकट आहे. हेवी ऑइलची टाकी कधी तुडुंब होते ते कळत नाही, आणि ती भरली की रिफायनरी मुकाट्याने थांबते. एका फेरीत २५ हेवी, ४५ लाइट आणि ५५ पेट्रोलियम निघतं. तिघांपैकी एकाला जागा उरली नाही की बाकीचे दोघेही अडकतात. आपण मात्र प्लॅस्टिक का येत नाही म्हणून भलतीकडेच शोधत बसतो.

म्हणून प्रत्येक टाकीला एक रंगीत दिवा लावायचं ठरवलं. टाकीत २५,००० मावतं, त्या हिशोबाने : ५,००० पेक्षा कमी असेल तर लाल (हेवीपासून बनणाऱ्या ल्युब्रिकंटचे वांधे), मधे हिरवा, आणि २०,००० च्या वर गेलं की पिवळा, म्हणजे क्रॅकिंग (हेवीचं लाइट करणं) वाढवा.

टाकीपासून लाल तार तीन डिसायडर कॉम्बिनेटरांना (अट खरी असेल तरच सिग्नल सोडणारी यंत्रं) दिली आहे. पहिला : हेवी ५,००० पेक्षा कमी, तर लाल सिग्नल १. दुसरा : ५,००० पेक्षा जास्त, तर हिरवा १. तिसरा : २०,००० पेक्षा जास्त, तर पिवळा १. तिघांचं आउटपुट हिरव्या तारेने दिव्याला. टाकीची लाल तारही दिव्यापर्यंत नेली आहे आणि दिव्याची अट 'हेवी ऑइल ० पेक्षा जास्त' अशी आहे.

आता गंमत बघा. टाकीत २४,००० असतानाही दिवा हिरवाच. टाकी पार कोरडी पडली की लाल व्हायच्या ऐवजी विझतो. आणि तिन्ही टाक्यांचे दिवे एका जागी दिसावेत म्हणून तारा विजेच्या खांबांवरून आणल्या, तर तिन्ही दिवे एकाच रंगाचे. जाणकारांनी प्रकाश टाकावा (शब्दशः).

पट्टेवाला

डिसायडरचं आउटपुट '१' वर आहे की 'इनपुट काउंट' वर? इनपुट काउंट असेल तर तो इनपुटमधला पिवळ्या सिग्नलचा आकडा पुढे देतो. इनपुटला पिवळा नाहीच, म्हणजे शून्य, म्हणजे काहीच नाही. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

धूरचिमणी

नाही, तिन्ही '१' वर आहेत. दिव्याजवळच्या खांबावर माउस नेला की हिरवा १ आणि पिवळा १ दोन्ही दिसतात. म्हणजे सिग्नल पोचतोय, दिवाच ऐकत नाही.

तारेवरची कसरत

दिवा ऐकतोय, पण त्याचा एक क्रम ठरलेला आहे. एकाच वेळी दोन-तीन रंगांचे सिग्नल आले तर तो मिश्रण करत नाही, क्रमात जो आधी तो रंग घेतो. क्रम असा : लाल, हिरवा, निळा, पिवळा आणि मग बाकीचे. २४,००० ला तुमच्या दोन अटी खऱ्या ठरतात, ५,००० च्या वरची आणि २०,००० च्या वरचीही. हिरवा आधी असल्याने पिवळ्याचा नंबर लागतच नाही. पिवळ्याचा आकडा १ चा १,००० केला तरी फरक पडणार नाही, क्रम रंगाचा आहे, आकड्याचा नाही.

हाच क्रम उलटा वापरा. पिवळा डिसायडर काढून टाका आणि त्याच्या जागी कॉन्स्टंट कॉम्बिनेटर ठेवून पिवळा १ कायम सोडा. हिरव्याची अट '५,००० पेक्षा जास्त' ऐवजी '२०,००० पेक्षा कमी' करा. लाल आहे तसाच. आता ३,००० ला तिन्ही सिग्नल येतील, लाल जिंकेल. १२,००० ला हिरवा आणि पिवळा येतील, हिरवा जिंकेल. २४,००० ला एकटा पिवळा उरेल. 'यापेक्षा जास्त पण त्यापेक्षा कमी' अशी जोडअट कुठेच लागत नाही, त्यामुळे जुन्या १.१ मध्येही हे चालतं. तिथे एका डिसायडरमध्ये एकच अट बसायची.

दिवा विझण्याचं कारण त्याच्या स्वतःच्या अटीत आहे. कोरडी टाकी काहीच सिग्नल पाठवत नाही, म्हणजे हेवी ऑइल ०, म्हणजे 'शून्यापेक्षा जास्त' खोटं. लाल सिग्नल दारात उभा असतो, पण अट खोटी असेल तर दिवा लागतच नाही. टाकीची तार दिव्यावरून काढा आणि अट 'एनीथिंग (कुठलाही एक सिग्नल) ० पेक्षा जास्त' करा. तिथे 'एव्हरीथिंग' (सगळे सिग्नल) घेऊ नका. तारेत एकही सिग्नल नसला तरी एव्हरीथिंग खरं धरलं जातं, आणि मग तार तुटल्याचंही कळत नाही.

निवांत

वरच्या प्रतिसादाला +१.

खांबांचं बोलायचं तर, एका खांबावर लाल तारांचं एक जाळं आणि हिरव्या तारांचं एक, एवढंच मावतं. तिन्ही दिव्यांच्या हिरव्या तारा त्याच खांबांवरून आणल्यात, म्हणजे तिन्ही टाक्यांचे रंग एका हौदात पडले. एका टाकीचा लाल आला की तिघेही लाल. दिवे टाकीजवळ असते तर तार थेट कॉम्बिनेटरपासून दिव्याला देऊन काम भागलं असतं. लांब न्यायचे असतील तर तीन वेगळ्या खांबांच्या रांगा उभ्या करायच्या, किंवा रंगच वेगळ्या पद्धतीने पाठवायचा.

२.० मध्ये (ऑक्टोबर २०२४ पासून) दिव्याला रंग समजून घ्यायच्या तीन पद्धती आहेत. तुम्ही वापरताय ती कलर मॅपिंग. दुसरीत लाल, हिरवा, निळा या घटकांचे ० ते २५५ असे तीन वेगळे आकडे द्यायचे. तिसरी पॅक्ड आरजीबी, म्हणजे अख्खा रंग एकाच आकड्यात : लाल गुणिले ६५,५३६, अधिक हिरवा गुणिले २५६, अधिक निळा. यातली खरी सोय अशी की तो आकडा कुठल्या सिग्नलमधून वाचायचा हे प्रत्येक दिव्याला स्वतंत्र सांगता येतं. हेवीला 'एच', लाइटला 'एल', पेट्रोलियमला 'पी' हे अक्षराचे सिग्नल द्या. तिन्ही एकाच हिरव्या तारेतून येऊ देत, प्रत्येक दिवा आपलं अक्षर तेवढं वाचेल.

आकडे तयार देतो. भडक लाल १,६७,११,६८०. भडक हिरवा ६५,२८०. एकाच तारेवर एकच सिग्नल दोन ठिकाणांहून आला की त्यांची बेरीज होते, आणि या दोघांची बेरीज १,६७,७६,९६०, म्हणजे पिवळा! मला हा भाग फार आवडतो. दोनच डिसायडर लागतात. पहिल्यात 'हेवी ५,००० पेक्षा कमी किंवा २०,००० पेक्षा जास्त' असेल तर लालचा आकडा. दुसऱ्यात '५,००० किंवा जास्त' असेल तर हिरव्याचा. २०,००० च्या वर दोन्ही येतात आणि दिवा आपोआप पिवळा होतो.

आकडा कॉन्स्टंट कॉम्बिनेटरमधून डिसायडरच्या इनपुटला द्यायचा आणि इथे मात्र आउटपुट 'इनपुट काउंट' ठेवायचं. टाकी लाल तारेवर, कॉन्स्टंट हिरव्या तारेवर, आणि दोन डिसायडरांचे दोन कॉन्स्टंट एकमेकांना जोडू नका. नाहीतर बेरीज इनपुटलाच होऊन बसेल.

धूरचिमणी

दोघांचेही मनापासून आभार. टाकीजवळच्या दिव्याला कसरत यांची पद्धत लावली, बरोब्बर चालली. रिकाम्या टाकीला लाल, आणि २०,००० ओलांडल्यावर पिवळा. लांबच्या तिघांना पॅक्ड आरजीबी लावली, तेही झकास.

एक शेपूट उरलं आहे. टाकी २०,००० च्या आसपास घुटमळत असली की जवळचा दिवा हिरवा-पिवळा लुकलुकतो. त्याच सिग्नलवर क्रॅकिंगचा पंपही आहे, तोही सारखा चालू-बंद होतो.

तारेवरची कसरत

चालू व्हायची आणि बंद व्हायची पातळी वेगळी ठेवा. २.० मध्ये एका डिसायडरमध्ये होतं : 'हेवी २०,००० पेक्षा जास्त, किंवा (हेवी १५,००० पेक्षा जास्त आणि के ० पेक्षा जास्त)', आउटपुट के १ (के हा असाच एक अक्षराचा सिग्नल). त्याचं आउटपुट हिरव्या तारेने त्याच्याच इनपुटला परत जोडा, म्हणजे त्याला आपली आधीची स्थिती लक्षात राहील. एकदा २०,००० ओलांडलं की १५,००० ला उतरेपर्यंत के १ राहतो. पंपाची अट 'के ० पेक्षा जास्त' आणि हिरव्या डिसायडरची 'के = ०' करा. के ची तार दिव्याला मात्र लावू नका. के शून्य करणाऱ्या अटीत आकडा टाइप करताना पातळी १५,००० च आहे ना ते बघा, २०,००० पडला तर लुकलुक तशीच राहील.

पट्टेवाला

आणि हेवीच्या टाक्या किती आहेत? पाइपने जोडलेल्या चार टाक्यांपैकी एकीलाच तार असेल तर तिच्यापुरताच आकडा येतो, चारींना लावली तर एकूण, म्हणजे १,००,००० पर्यंत. मग ५,००० आणि २०,००० या पातळ्याही चौपट कराव्या लागतील.

धूरचिमणी

दोन आहेत, तार एकीलाच. पातळ्या तशाच ठेवतो. पंप आता शांत आहे.