ब्रँडला पहिला मेल लिहिताना नेमकं काय लिहायचं?

कुंडीतली_बाग
कुंड्यांमधल्या भाजीपाल्यावर रील्स करते, फॉलोअर्स १२ हजारांच्या आसपास. खतं, कुंड्या, अवजारं विकणाऱ्या ब्रँडना मेल केले तर उत्तर येत नाही. आलंच तर ‘रेट कार्ड (कामाच्या दरांची यादी) पाठवा’ एवढंच, आणि पुढे शांतता. मेलमध्ये काय असावं? कोणते आकडे द्यावेत? पैशांचा विषय कधी काढावा?

मोहीम_आखणारा
मेल वाचणाऱ्या माणसाला तो पुढे वरिष्ठांना दाखवायचा असतो. ‘तुमच्यासोबत काम करायला आवडेल’ हे त्याच्या काही कामाचं नाही, त्याला कल्पना द्या. समजा ब्रँड खालून पाणी शोषणारी कुंडी विकतो. मग लिहा: ‘आठवडाभर गावाला गेल्यावर टोमॅटो जगतो का? दोन रील्स. पहिलीत लागवड आणि टाकी भरणं, दुसरीत सात दिवसांनंतरचं रोप, जसं असेल तसं.’ विषयाच्या ओळीतही हेच यावं. नुसतं ‘कोलॅबरेशन’ लिहिलेले मेल ढिगाने येतात.

सगळा मेल १५० शब्दांच्या आत बसवा. कल्पना, प्रेक्षक कोण, तशाच एका जुन्या व्हिडिओची लिंक आणि शेवटी एकच प्रश्न: ‘याबद्दल कोणाशी बोलू?’ मीडिया किट, म्हणजे तुमची ओळख, आकडे आणि जुनं काम दाखवणारी फाइल, एक-दोन पानांचं असावं आणि त्याचीही लिंकच द्या, जड फाइल जोडू नका.

वेबसाइटवरचा सर्वसाधारण पत्ता बऱ्याचदा ग्राहकसेवेकडे जातो. लिंक्डइनवर ब्रँड मॅनेजर किंवा इन्फ्लुएन्सर मार्केटिंग बघणारी व्यक्ती शोधा. डीएम (थेट खाजगी मेसेज) फक्त योग्य पत्ता विचारण्यापुरता. पाच-सात कामकाजाच्या दिवसांनी त्याच मेलवर फॉलोअप करा, पण त्यात काहीतरी नवं द्या, उदाहरणार्थ नुकतीच चांगली चाललेली संबंधित रील. दोन फॉलोअपनंतर थांबा. हंगामी वस्तू असेल तर हंगामाच्या दोन-तीन महिने आधीच लिहा. ऐन लागवडीच्या वेळी बजेट वाटून झालेलं असतं.

आकडेमोड
फॉलोअर्सच्या आकड्यावर भर देऊ नका. शेवटच्या ११ रील्सचा रीच (किती जणांपर्यंत पोचली) चढत्या क्रमाने लावा आणि मधला, म्हणजे सहावा आकडा द्या. सरासरी काढली की एखादी व्हायरल रील सगळं चित्र फुगवते, आणि मोहिमेत तेवढा रीच मिळाला नाही की पुढचं काम जातं.

एंगेजमेंट रेट (प्रतिसादाची टक्केवारी) कशावर काढला तेही लिहा. रीच ८,००० आणि लाइक, कमेंट, सेव्ह, शेअर मिळून ४८०, तर रीचवर ६ टक्के. तेच ४८० तुमच्या १२ हजार फॉलोअर्सवर काढले तर ४ टक्के. बागकामात सेव्ह वेगळे दाखवा. माणसं परत येऊन बघतात याची ती खूण आहे. इनसाइट्सचे (ॲपमधल्या आकडेवारीच्या पानाचे) स्क्रीनशॉट तारखेसकट घ्या. ब्रँड जिथे माल पोचवतो तिथले प्रेक्षक किती टक्के, हा आकडा बहुतेक जण देतच नाहीत, आणि अनेकदा निर्णय त्यावरच अडतो.

कराराची_बाजू
रेट कार्ड मागितलं की लगेच आकडा पाठवू नका. आधी विचारा: किती रील्स-स्टोरी, व्हिडिओ कुठे आणि किती काळ वापरणार, एक्सक्लुझिव्हिटी (प्रतिस्पर्धी ब्रँडसाठी काम न करण्याची अट) आहे का, मुदत काय. तुमचा व्हिडिओ पैसे देऊन जाहिरात म्हणून चालवायचा असेल, तर त्याचे वेगळे पैसे लावा आणि मुदत लिहून घ्या, समजा ३० दिवस. ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ ही ओळ खोडायलाच हवी. एक्सक्लुझिव्हिटीही अरुंद ठेवा. ‘पाणी शोषणाऱ्या कुंड्या’ ठीक आहे, पण ‘बागकामाची उत्पादनं’ लिहिलं तर खताच्या ब्रँडचं कामही हातचं जाईल.

स्क्रिप्ट चित्रीकरणाआधी मंजूर करून घ्या, त्यानंतर बदलांच्या दोनच फेऱ्या. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले अंतिम व्हिडिओ दिल्यापासून ३० दिवसांत. ‘प्रसिद्ध झाल्यावर’ असं मान्य केलं आणि ब्रँडने तारीख पुढे ढकलली, तर पैसेही अडकतात.

कुंडीतली_बाग
फक्त वस्तू देतो म्हणाले तर?

कराराची_बाजू
वस्तू खरंच वापरणार असाल तर घ्या, पण कामही तेवढंच ठेवा: एखादी स्टोरी, जाहिरातीत वापरायचा हक्क नाही, मजकूर तुमचा. फुकट मिळालेली वस्तूही सशुल्क भागीदारीसारखीच जाहीर करायची, लेबल लावूनच. आणि स्टोरीवरचे लिंक क्लिक टिपून ठेवा, पुढच्या वेळी पैसे मागताना तोच आकडा मेलमध्ये टाकता येईल.