फ्रीलान्सिंग केलं की तालमीला वेळ मिळतो का? ठाणे-नवी मुंबईतल्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी चर्चा

घोडबंदर_कट्टा (धागाकर्ता)

सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडून फ्रीलान्सिंगकडे वळणारे बरेच जण म्हणतात, नाटकाला, गाण्याला, डोंगराला वेळ हवा. माझं मत: दिवसातले कोणते तास विकलेत, यावर तो वेळ मिळणार की नाही ते ठरतं. दराचा विचार त्यानंतर.

हौशी नाटकाची तालीम बहुतेक संध्याकाळी सातनंतरच लागते. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि तोच स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) साडेसातवर येऊन बसतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी नेमक्या तेव्हाच जोरात असतात. मीटिंग वीस मिनिटांचीच, पण हॉलच्या जिन्यात हेडफोन लावून उभे राहाल तेवढ्यात आत तुमच्याशिवाय प्रवेश बसवून होतो.

जर्मनीचे नऊ म्हणजे आपले साडेबारा, हिवाळ्यात दीड. दुपारी दीड ते सहा हे तास दिले तर वर्षभर चार-साडेचार तास सामाईक मिळतात आणि संध्याकाळ मोकळी राहते. सिडनीचं ऑफिस आपल्या दुपारी साडेबाराला सुटतं, त्यांच्या उन्हाळ्यात साडेअकरालाच. दुपारी रियाझ करणाऱ्याला हे फार सोयीचं. पहाटे येऊरला पक्षी बघायला जाणाऱ्याने मात्र सिडनीच्या वाटेला जाऊ नये.

आता दर. वर्षाचे ४६ आठवडे, आठवड्याचे ४ दिवस, दिवसाचे ५ बिल करता येणारे तास: ९२० तास. वर्षाला १८ लाख हवे असतील तर ताशी साधारण १,९६० रुपये. पाचवा दिवस कोटेशन, बिलं, वसुली आणि नवं शिकणं यात जातो. तो हिशेबात न धरणारे रविवारी काम करत बसतात.

ऐरोली_लोकल

पूर्ण असहमत. ज्याला ठरलेली संध्याकाळ हवी त्याने नोकरीच करावी, फक्त ती जागा बघून निवडावी. ऐरोलीच्या आयटी पार्कमधून सहाला निघालं की ट्रान्स-हार्बरने दिघा गाव मागे पडतं आणि ठाणे स्टेशन येतं; सातच्या तालमीला आरामात पोहोचता. माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी घालणाऱ्यांचं सोडा.

तुमच्या ९२० तासांत आजारपण कुठे आहे? नोकरीत भरपगारी रजा असते, मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफ कंपनी भरते, अनेक ठिकाणी आईवडिलांचा मेडिक्लेम मिळतो. फ्रीलान्सरला हे सगळं त्या १,९६० मधूनच उभं करायचंय. शिवाय देशी क्लायंट व्यावसायिक सेवा म्हणून १० टक्के टीडीएस कापतो. म्हणजे १८ लाखांतले १ लाख ८० हजार रिटर्न भरून परतावा येईपर्यंत अडकलेले. डोक्यात वसुली घोळत असेल तर तालमीत संवाद आठवत नाहीत.

हिशेबनीस_वाशी

ऐरोली_लोकल, कराची बाजू अर्धीच आली. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली घेऊ. १८ लाख पगारावर ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन सेससह कर होतो १,५०,८००. त्याच १८ लाखांच्या फ्रीलान्स जमेवर कलम ४४एडीए (व्यावसायिकांसाठी अंदाजित उत्पन्नाची योजना) लावलं तर ५० टक्के, म्हणजे ९ लाख उत्पन्न धरलं जातं. १२ लाखांपर्यंत रिबेट असल्याने कर शून्य. या योजनेची मर्यादा ५० लाख, रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख.

सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख. नोंदणी केलीत आणि क्लायंट परदेशी असेल, तर दर आर्थिक वर्षाला एलयूटी (निर्यातीसाठीचं हमीपत्र) भरा, मग कर न भरता बिल करता येतं. ते विसरलं की आधी १८ टक्के आयजीएसटी भरा आणि नंतर परताव्यामागे फिरा. आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर, वर्षाला २,५०० रुपये. त्याची नावनोंदणी स्वतःच करावी लागते, त्यामुळे तीही हमखास राहते.

ऐरोली_लोकल

कायदा "५० टक्के किंवा त्याहून जास्त" म्हणतो. घरात बसून लॅपटॉपवर काम करणाऱ्याचा खरा खर्च ९ लाख असतो का, हे प्रत्येकाने आपल्या सीएला विचारावं. आणि गृहकर्जाच्या वेळी बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते आणि त्यातलं उत्पन्न बघते. तिथे तुमचे १८ लाख नऊच होतात. घोडबंदर रोडला घर घ्यायचं असेल तर कर्ज मंजूर होईपर्यंत पगार सोडू नका.

हिशेबनीस_वाशी

कर्जाचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

खाडीकाठ

सगळे छंद संध्याकाळी सातलाच सुरू होतात असं धरून चाललंय. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो भरती-ओहोटीवर चालतात. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते ती भरतीची वेळ बघून, आणि भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी नऊची भरती आठवड्याने दुपारी तीनच्या आसपास. इथे सहाला सुटणारी नोकरी कामाची नाही आणि जर्मन वेळेला बांधलेला फ्रीलान्सरही अडकतो. अशांनी मीटिंगविना चालणारं काम घ्यावं: ठरलेल्या व्याप्तीचं, लेखी हस्तांतराचं, आठवड्याला एकच कॉल.

बहुतेकांचा वेळ करारातल्या ढिलाईने जातो. महिन्याला ६० तासांचा रिटेनर (दरमहा ठरलेल्या तासांचा करार) केला आणि न वापरलेले तास पुढे जातील असं लिहून दिलं, की मे-जूनचे तास साचतात आणि क्लायंट ते नोव्हेंबरात एकदम मागतो. न वापरलेले तास महिनाअखेरीस संपतील, फार तर १० तास एकच महिना पुढे जातील, असं लिहा. प्रॉडक्शन सपोर्ट त्या ६० तासांत घालू नका. रात्री सर्व्हर पडला तर कोण उठणार, किती वेळात आणि कुठल्या दराने, हे वेगळ्या कलमात हवं. शुक्रवारी रिलीज नाही, हेही लेखी. दोन क्लायंट ठेवा, प्रत्येकाशी ३० दिवसांची नोटीस. एकच असला तर ती नोकरीच झाली, रजेशिवायची.

घोडबंदर_कट्टा

भरतीचं डोक्यातच आलं नव्हतं. माझा सामाईक तासांचा नियम तिथे लागू पडत नाही, मान्य. पण ऐरोली_लोकल यांच्या वसुलीच्या मुद्द्यावर कोणी सांगेल का?

हिशेबनीस_वाशी

उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. आधार-पॅनवर ऑनलाइन, फुकट होते. तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत देशी क्लायंटने पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने. शिवाय मुदतीनंतर थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय क्लायंटला खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्यांचं अकाउंट्स खातं आपणहून फोन करतं.

परदेशी क्लायंटला यातलं काही लागू नाही. तिथे ४० टक्के आगाऊ, ३० टक्के चाचणी आवृत्तीला, ३० टक्के अंतिम सुपूर्दीआधी. कोडचे हक्क पूर्ण पैसे जमा झाल्यावरच जातील, हे वाक्य करारात पहिल्या पानावर घ्या.