विषय: ट्रकला लेव्हलिंग किट – स्पेसर की स्ट्रट? (गणपतीच्या आधी)

प्रेषक: मिलिंद

मंडळी, नमस्कार.

ट्रक लेव्हल करून घेतोय, म्हणजे पुढचं नाक उचलून मागच्याच्या बरोबरीला आणतोय. गॅरेजवाला शुक्रवारची वेळ देतो म्हणाला. दोन इंची किट घ्यायचं हे नक्की आहे, फक्त स्पेसर घ्यावा की ॲडजस्टेबल स्ट्रट (पुढच्या चाकाचा स्प्रिंग-शॉकचा खांब), एवढंच ठरायचंय. ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी आजच्या आज कळवा, पार्ट मागवायचे आहेत. ट्रक तोच, २०२२ ची फोर्ड एफ-१५० पिकअप, सुपरक्रू (चार दारांची), फोर बाय फोर. आणि हो, मंडळाच्या गणपतीच्या सामानाचा ट्रेलर दरवर्षीप्रमाणे मीच ओढणार आहे, त्याची चिंता नको.

मिलिंद


प्रेषक: निखिल

मिलिंददादा, डोळे झाकून स्पेसर. साधारण शंभर डॉलरच्या आसपास मिळतो, अर्ध्या दिवसात काम. मूळ स्ट्रट तसाच राहतो, त्याच्या डोक्यावर चकती बसवायची, बस. मी माझ्या गाडीला टाकलाय, ३३ इंची टायर आरामात बसले. गाडीचं मागचं वर आणि पुढचं खाली, ते बघवत नाही.

एक लक्षात ठेवा. दोन इंच उंची पाहिजे म्हणून दोन इंच जाडीचा स्पेसर मागवू नका. स्ट्रट चाक धरणाऱ्या खालच्या आर्मवर चाकापासून बराच आत बसतो, त्यामुळे वर एक इंच घातला की चाकापाशी जवळजवळ दोन इंच मिळतात. पाकिटावर उंची लिहिली आहे की जाडी, ते नीट बघा.

निखिल


प्रेषक: राजेश

हे गॅरेज वगैरे कशाला? माझ्या सिल्वेराडो २५०० ला मी घरीच केलं. टॉर्शन बारच्या (स्प्रिंगचं काम करणाऱ्या पिळाच्या दांड्या) टोकाच्या ‘की’ बदलल्या, बोल्ट फिरवला, गाडी वर. कुठला स्ट्रट नि कुठलं काय. शनिवारी या माझ्याकडे, दोघं मिळून करू. चहा माझ्याकडून.

राजेश, ॲपेक्स


प्रेषक: सुहासकाका

राजेश, तुझ्या गाडीला पुढे टॉर्शन बार आहेत, मिलिंदच्या गाडीला स्ट्रट-कॉइल. त्याच्याकडे फिरवायला बोल्टच नाही. आणि ज्या स्पेसरला स्प्रिंग दाबावी लागते तो तर घरी अजिबात करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली की हात जातो. पिंपरीत नोकरीला असताना मी हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून इतकं ठामपणे लिहितोय.

आता मूळ प्रश्नाकडे. मिलिंद, तू विचारतोयस स्पेसर की स्ट्रट. त्याआधी विचारायला हवं की दोन इंच कशासाठी?

पिकअप कारखान्यातून मागे उंच येतो तो दोष नाही. मागे माल भरल्यावर किंवा ट्रेलर जोडल्यावर पाटे दबतात आणि गाडी सपाट होते, त्यासाठी ठेवलेला तो उतार आहे. आमच्याकडे सांगली-कोल्हापूरला ऊस ओढणारे ट्रक रिकामे परत येताना मागून कसे वर उचललेले दिसतात ते आठवा. त्यांना कुणी सपाट करत नाही, उलट पाटे वाढवतात.

तुझ्या गाडीचा हिशेब मांडतो. व्हीलबेस १४५ इंच. हिचचा बॉल (ज्यावर ट्रेलर अडकतो तो गोळा) मागच्या ॲक्सलच्या मागे साधारण चार फूट, म्हणजे व्हीलबेसच्या एक तृतीयांश. आपला ट्रेलर सहा बाय बारा, सिंगल ॲक्सल, पाटीवर सामानासकट कमाल २९९० पौंड. भरल्यावर त्याच्या १० ते १५ टक्के वजन हिचवर यायला हवं, म्हणजे ४०० पौंड धर. ४०० पौंड बॉलवर टेकले की मागच्या ॲक्सलवर ५३३ पौंड वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरून १३३ पौंड कमी होतात. तरफेचा साधा नियम. मागचं बसतं आणि पुढचं उचलतं. त्यात तू पुढे आधीच दोन इंच चढवलेस तर नाक वर करून ५४० हायवेवर ताशी ६५ मैलांनी जाशील, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत आणि स्टिअरिंग हलकं. मागच्या सीटवर मुलं असतात रे.

माझं मत: आधी ट्रेलर भरून, जोडून मोजमाप घे. किट नंतर.

सुहास


प्रेषक: अश्विनी

> आधी ट्रेलर भरून, जोडून मोजमाप घे

काका, ट्रेलर असा मध्येच भरता येणार नाही. मखराचे पॅनल या वर्षी नवीन रंगवलेत आणि अजून वाळतायत. लोडिंगची यादी माझ्याकडे आहे आणि त्याच क्रमाने सामान चढतं. मागच्या वेळी कुणीतरी परस्पर स्टेजचे प्लायवूड दाराशी टाकले आणि सगळी वाट ट्रेलर शेपूट हलवत आला. वजनाचा साठ टक्के भाग ॲक्सलच्या पुढे हवा, हे मी दर वर्षी सांगते. मिलिंददादांना विचारा.

स्टोरेजची किल्लीही माझ्याकडेच आहे. कुणाला जायचं असेल तर आधी फोन करावा.

अश्विनी


प्रेषक: विद्याताई

किटचा खर्च मंडळाच्या हिशेबात येणार नाही, हे आत्ताच स्पष्ट केलेलं बरं. ट्रेलर ओढण्याचं पेट्रोल आणि ५४० चा टोल आपण देतो, तेवढंच. मिलिंदने काही मागितलेलं नाही, पण नंतर गैरसमज नकोत.

उकडीच्या मोदकांसाठी अजून नावं कमी आहेत. कृपया तो वेगळा मेल उघडून बघा.

विद्या


प्रेषक: मिलिंद

विद्याताई, ट्रक माझा, किट माझं, पैसे माझे. त्याबद्दल कुणाला शंका नसावी.

काका, तुमचं पटतंय, पण वर्षातले किती दिवस मी ट्रेलर ओढतो? गणपती, कोजागिरी, संक्रांत, संपलं. बाकी वर्षभर ट्रक रिकामाच असतो. आणि निखिलने ओढलाय ना त्याच्या लेव्हल केलेल्या ट्रकने?

मिलिंद


प्रेषक: निखिल

मी कधी ओढला? माझ्या ट्रकला हिच रिसीव्हरच नाही, दादा. मी ढोल-ताशे बेडमध्ये टाकून आणले होते.

मागचं बसतंय असं वाटलं तर एअरबॅग टाका. पाट्यांच्या आणि फ्रेमच्या मध्ये बसतात, हवा भरली की मागचं परत वर. काकांचा प्रश्न तिथेच मिटतो.


प्रेषक: सुहासकाका

> काकांचा प्रश्न तिथेच मिटतो

मिटत नाही. एअरबॅगने उंची परत मिळते, वजन वाहायची मर्यादा वाढत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते छापलेलं असतं. तो आकडा एअरबॅग टाकल्यावरही तोच. त्यात ड्रायव्हर धरून पाच जण, बेडमधला जनरेटर आणि हिचवरचे ४०० पौंड, सगळं आलं. मिलिंद, तो आकडा वाचून इथे लिही. माझं अर्धं काम होईल.

आणि एअरबॅगने मागचं वर आलं तरी पुढच्या चाकांवरून गेलेले १३३ पौंड परत येत नाहीत. ते परत आणायचे तर वजन वाटणारी हिच लागते. आपल्या ट्रेलरला तिची गरज नाही. रिसीव्हरवरचं स्टिकर बघ, साध्या बॉलवर ५००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड टंग (हिचवर टेकणारं वजन) चालतं. आपण त्याच्या आत आहोत. आत आहोत म्हणूनच उगाच नाक वर करून ती सोय घालवू नये, एवढंच म्हणतोय.

सुहास


प्रेषक: पराग

एक कायद्याची बाजू. नॉर्थ कॅरोलायनात १ डिसेंबर २०२१ पासून सस्पेन्शन बदलून पुढचं फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त वर गेलं तर ते बेकायदा आहे, तो ‘कॅरोलायना स्क्वॉट’ म्हणतात तो प्रकार. मिलिंददादांचं तिथवर जाणार नाही, पण कुणी जास्त मोठं किट सुचवत असेल तर माहीत असू द्या.

दुसरं, वॉरंटी. डीलर सरसकट ‘किट टाकलं, वॉरंटी गेली’ म्हणू शकत नाही. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे, बिघाड त्या पार्टमुळेच झाला हे त्यांना दाखवावं लागतं. मात्र वरचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला सांधा) किंवा सीव्ही बूट (ॲक्सलच्या सांध्यावरचं रबर) गेला तर ते दाखवणं त्यांना अवघड नाही, कारण गाडी वर केली की नेमके त्यांचेच कोन वाढतात. बिलं जपून ठेवा.

पराग


प्रेषक: राजेश

माझी ऑफर अजून आहे. चहा.


प्रेषक: अश्विनी

पॅनल वाळले. मिलिंददादा आणि सुहासकाका, शनिवारी सकाळी नऊला स्टोरेजवर या, यादीप्रमाणे भरू आणि भरलेलाच ठेवू. म्हणजे तुमचं मोजमापही होईल आणि माझं काम दोनदा होणार नाही. राजेशदादा, तुम्हीही या, प्लायवूड उचलायला माणूस हवाय. चहा थर्मासमध्ये आणा.

अश्विनी


प्रेषक: मिलिंद

मंडळी, मोजमाप झालं. शुक्रवारची वेळ मी आधीच पुढे ढकलली होती.

सपाट जागेवर, टाकी भरलेली, चारही टायरमध्ये स्टिकरप्रमाणे हवा. जमिनीपासून फेंडरच्या कडेपर्यंत, चाकाच्या बरोबर मध्यावर टेप धरून:

रिकामा ट्रक: पुढे ३६¾, मागे ३८¾.
ट्रेलर जोडून, जनरेटर बेडमध्ये: पुढे ३७, मागे ३७¼.

रिकामा असताना दोन इंचांचा फरक होता, जोडल्यावर पाव इंच उरला. काकांनी टेप माझ्याच हातात दिली आणि स्वतः लांब उभे राहिले, त्यामुळे आकड्यांवर वाद नको. दोन इंची किट टाकलं असतं तर ट्रेलर जोडल्यावर पुढचं मागच्यापेक्षा पावणेदोन इंच वर गेलं असतं. ते मला नको. दोन इंचांचा स्पेसर रद्द.

पण रिकाम्या ट्रकचं ते वाकलेलं नाक मलाही बघवत नाही, ते तसंच. आता विचार आहे तो ॲडजस्टेबल स्ट्रटचा. त्याच्या नळीवर खोबणी असतात, क्लिप ज्या खोबणीत बसवू तिथे स्प्रिंगची बैठक येते, त्यावर उंची ठरते. एक इंचाच्या आसपास ठेवला तर? पैसे स्पेसरच्या तिप्पट तरी जातील, पण शॉक नवीन मिळतो.

मिलिंद


प्रेषक: सुहासकाका

एक इंच चालेल. जोडल्यावर पुढचं पाऊण इंच वर राहील, आणि वर्षातून थोड्या वेळा तेवढं सोसता येईल. बॉल जॉइंटचा कोनही फारसा बिघडत नाही. स्प्रिंग थोडी जास्त दाबली जाते, म्हणून खड्ड्यात जरा कडक लागेल, ते आधीच सांगून ठेवतो.

दोन गोष्टी मात्र त्याच दिवशी करायच्या. अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट करणं), नाहीतर पुढचे टायर एका कडेने खाल्ले जातील. आणि हेडलाइट खाली आणणं. भिंतीपासून २५ फुटांवर गाडी लावून, काम करायच्या आधी उजेडाची वरची कड चिकटपट्टीने खूण करून ठेव, नंतर त्याच खुणेवर आण. काचेमागे लेन पकडणारा कॅमेरा आहे, त्याचं काय करायचं ते गॅरेजवाल्याला पार्ट उघडण्याआधी विचार. त्याला उत्तर देता आलं नाही तर दुसरं गॅरेज बघ.

सुहास


प्रेषक: निखिल

एक इंचावर ३३ चे टायर घासतात का ते आधी बघून घ्या, एवढं सांगतो. बाकी काकांचं बरोबर आहे.


प्रेषक: मिलिंद

टायर आहेत तेच ठेवतोय. स्ट्रट मागवले, पण काम विसर्जनानंतर. गणपती आहे त्याच ट्रकने आणू.

काका, दारावरचा आकडा १६४० पौंड. पाच माणसं, जनरेटर आणि टंग धरून अजून जागा उरते, पण स्पीकर बेडमध्ये टाकायचे नाहीत. ते निखिलच्या ट्रकमध्ये.

मिलिंद


प्रेषक: अश्विनी

स्पीकर निखिलकडे, यादीत बदल केला. ट्रेलर आता कुलूपबंद आहे, कुणीही आणखी काही आत टाकायचं असेल तर आधी मला विचारा. सेफ्टी चेन कपलरखाली (ट्रेलरचा बॉलवर बसणारा भाग) फुलीसारख्या ओलांडून लावायच्या, राजेशदादांनी सरळ लावल्या होत्या, मी बदलल्या. निघताना पुन्हा बघेन.

विद्याताई, मोदकांसाठी माझं नाव लिहा, एकवीस करेन.