बर्फ वितळण्यापेक्षा वाकण्याची भीती मोठी

दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवण्यासाठी ब्रिटिशांनी 'हबक्कूक' हे बर्फाचं विमानवाहू जहाज बांधायची योजना आखली होती. ते वितळेल म्हणून सोडून दिलं, असं अनेकदा म्हटलं जातं. त्यात थोडी भर घालतो. वितळणं हा त्यातला सोपा प्रश्न होता. जहाज ज्या 'पायक्रीट'चं बांधायचं होतं, त्या मिश्रणात वजनाने साधारण 14 टक्के लाकडाचा लगदा आणि बाकी बर्फ. पृष्ठभाग वितळू लागला की लगद्याचे तंतू उघडे पडतात आणि त्यांचाच ओलसर थर आतल्या बर्फाला पांघरुणासारखा जपतो. बंदुकीची गोळीही तडा न जाता आत रुतते.

खरी गोची 'क्रीप'ची. बर्फ स्वतःच्याच वजनाखाली हळूहळू वाहतो. लगद्याने हे वाहणं मंदावतं, थांबत नाही. शास्त्रज्ञ मॅक्स पेरुत्झ यांनी लंडनमध्ये स्मिथफील्ड बाजाराखालच्या शीतगृहात चाचण्या घेतल्या. निष्कर्ष असा की सांगाडा उणे 16 अंशांच्या आसपास ठेवला नाही तर जहाज मधेच झोल खाणार. म्हणजे पोटात शीतयंत्रं, थंड हवेच्या नळ्यांचं जाळं आणि बाहेरून उष्णतारोधक कवच. ज्या पोलादाची बचत करायची, तेच मागच्या दाराने परत आलं!

आणखी एक गंमत: 1943 मध्ये कॅनडातल्या पॅट्रिशिया तळ्यावर बांधलेला 60 बाय 30 फुटांचा नमुना मुख्यतः साध्या बर्फाचाच होता. तो थंड ठेवायला एक अश्वशक्तीची मोटर पुरली, पण 600 मीटर लांबीच्या जहाजातला वाक त्यावर कसा कळणार? तोवर विमानांचा पल्लाही वाढला होता, त्यामुळे अशा जहाजाची गरजही कमी झाली होती.